हौसाच्या ओंजळीचं वजन

पनवेलच्या खाडीकडच्या आळीत बुधाजीला कुणी नावानं हाक मारत नसे. तो सगळ्यांचा काटेवाला. मिठागरावर गोणी काट्यावर चढली की तिचं वजन सांगायचं आणि वहीत लिहायचं, एवढंच त्याचं काम. पण ते त्यानं चोवीस वर्षं असं केलं होतं की मीठ विकणारा आणि होडीतून मीठ नेणारा मचवेवाला या दोघांनाही त्याच्या आकड्यापुढे तोंड उघडावंसं वाटत नसे. हमालांनी वाट्टेल तेवढी घाई केली तरी काटा स्थिर झाल्याशिवाय हा पठ्ठ्या आकडा उच्चारायचा नाही. आणि पारड्याबाहेर सांडलेलं मीठ, मग ते पसाभर असो की पाटीभर, वजनात धरायचा नाही. पारड्यात पडलं तेवढंच खरं. बाकीचं जमिनीचं.

अशा माणसाला बायको मिळावी ती हौसासारखी, यात देवाचीच काहीतरी गंमत असणार. हौसाच्या घरात वजन नव्हतंच, पण धड मापाचं भांडंही नव्हतं. तिचं सगळं हातावर. ओंजळ, पसा, मूठ, चिमूट. लहानपणापासून मिठाच्या पाट्या उचलून तिचे तळवे चांगले रुंद झाले होते, आणि ते दोन्ही जोडून तिनं तांदळाच्या कणगीत घातले की घरातल्या माणसांना पुरून कुत्र्यालाही उरेल एवढा भात बरोबर निघायचा.

तिची खरी कीर्ती होती ती नानकटाईची. आळीत कुणाचंही लग्न निघो, रुखवतातल्या नानकटाईचा घाणा हौसाच मळणार हे ठरलेलं. परातीत चार ओंजळी मैदा, एक ओंजळ रवा, तीन ओंजळी पिठीसाखर आणि थिजलेल्या तुपाचे मुठीएवढे तीन गोळे. वर चिमूटभर सोडा आणि वेलची. मळून, गोळे वळून, पत्र्यावर मांडून ती बाजारातल्या शमसूभाईच्या भट्टीवर न्यायची. शमसूभाईचे पाव दुपारी निघाले की भट्टीची आच उतरायला लागते, त्या उतरत्या आचेवर बायकांचे पत्रे आत जात. कुणाची नानकटाई करपे, कुणाची पसरून भाकरी होई. हौसाची मात्र पत्र्यावर ठेवली तशी गोल, वर नाजूक चिरा गेलेली, आणि जिभेवर ठेवली की दात लावायच्या आत विरघळणारी.

"एकदा तोलून तरी बघू दे," बुधाजी दर वेळी म्हणायचा.

"तोलून काय व्हनार? जास्त गोर लागंल?"

"मना कललं तरी पायजेल, काय किती परतंय ते."

"तुमाला कलून काय उपेग? खायाचं काम करा." असं म्हणून ती पीठभरल्या हातानं त्याला दाराबाहेर काढायची. वीस वर्षं हा वाद चालला आणि वीस वर्षं तिनंच जिंकला. खरं सांगायचं तर बुधाजीला हरण्यात सुख वाटायचं, पण हे त्यानं तिला कधी कळू दिलं नाही.

साठ सालच्या दसऱ्यानंतर हौसाला खोकला लागला. काढे झाले, चाटणं झाली, मग एक दिवस पदराला रक्त लागलं. डॉक्टरांनी क्षय सांगितला. सुया सुरू झाल्या, गोळ्या सुरू झाल्या, पण दुखणं तिनं अंगावर इतकं काढलं होतं की औषधाला धरायला काही शिल्लकच नव्हतं. डॉक्टरांनी बुधाजीला बाजूला घेऊन आणखी एक गोष्ट सांगितली. घरात लग्नाची पोर आहे, तिला इथे ठेवू नका.

त्यांना एकच मुलगी, दमयंती. सतरा वर्षांची. वैशाखात तिचं लग्न ठरलेलं, उलव्याच्या तुळशीरामशी. दुसऱ्याच दिवशी तिला उरणला मावशीकडे, जनीकडे पाठवलं. जाताना ती अंगणात उभी राहून रडत होती आणि हौसा आत भिंतीला टेकून बसली होती. दोघींच्या मध्ये उंबरा. तो कुणी ओलांडला नाही.

त्या संध्याकाळी हौसानं बुधाजीला जवळ बसवून घेतलं.

"मी तिना शिकवलाच नाय हो घाना," ती म्हणाली. "लगनाच्या आगोदर शिकवीन बोलले, हात धरून. ती जवल आली का मीच बोलायचे, सर, सांडशील. आता कसा हात धरू तिचा?"

"मी सांगीन तिना. चार ओंजली मैदा..."

"कुनाच्या ओंजली? तिचे हात बारके हायत, तुमच्या आयसवानी. तिच्या चार ओंजली म्हंजे माज्या तीनबी नाय." तिला धाप लागली. मग म्हणाली, "सासरी जाताना पोरीला माजा हात द्या बरोबर. दुसरा कायबी नको."

बुधाजीनं तिची उशी सारखी केली. मग म्हणाला, "मंग तोलू या."

हौसा हसली. हसता हसता खोकली. "जिकलात शेवटी," ती म्हणाली. बुधाजीला त्या जिंकण्याचं कसलं सुख होणार! त्याला वाटलं, आणखी वीस वर्षं हिनं आपल्याला दाराबाहेर काढावं आणि आपण मुकाट्यानं निघावं.

त्या वर्षी मिठागरावर नवी वजनं आली होती. शेर, तोळे जाऊन किलो, ग्रॅम. पन्नाशीला टेकलेला बुधाजी रोज रात्री उजळणी करून ती डोक्यात बसवत होता. दमयंतीचा संसार नव्या वजनांतच होणार, तेव्हा लिहायचं ते ग्रॅमांतच, असं त्यानं ठरवलं. बाजारातून एक छोटी तागडी आणली, पाच ग्रॅमपासून अर्ध्या किलोपर्यंतची नवीकोरी वजनं आणली. मैदा, रवा, साखर आणि तूप वेगळ्या डब्यांत आणून ठेवलं. या डब्यांतलं कुणी खायचं नाही, नुसतं तोलायचं. मिठाच्या वहीतला एक कोरा कागद काढून त्याच्या डोक्यावर त्यानं सुवाच्य अक्षरात लिहिलं, नानकटाई, एक घाणा, हौसाचा हात.

पहिल्या दिवशी मैदा. तीन डिसेंबर. हौसा गादीवर उठून बसली, केस नीट केले, जणू कुणी पाहुणे यायचे होते. डब्यात दोन्ही हात घातले, ओंजळ भरून वर काढली आणि पारड्यात सोडली. बुधाजीनं काटा स्थिर होऊ दिला. एकशेवीस. दुसरी एकशेपंधरा. तिसरी पुन्हा एकशेवीस. चौथी एकशेदहा. त्यानं बेरीज करून तारखेसकट लिहिलं, मैदा चार ओंजळी, चारशेपासष्ट.

"बगा," हौसा म्हणाली, "उगाच घाबरवत व्हता. चारीच्या चारी सारख्या."

"धा ग्रॅमचा फरक हाय."

"मेलं तुमचं धा ग्रॅम," ती म्हणाली, आणि त्या दिवशी तिनं अख्खी भाकरी खाल्ली.

पाच दिवसांनी रवा झाला. एक ओंजळ, एकशेतीस. मग ताप चढला. तो असा चढला की तीन आठवडे तागडी खुंटीवरच राहिली. बुधाजी दुपारच्या सुट्टीत धावत घरी यायचा, तिला पेज पाजायचा, पुन्हा आगरावर जायचा. कधी तिच्यात जोर दिसला की विचारायचा, आज करू या का? ती म्हणायची, उद्या. त्यालाही घाई करवत नव्हती. सगळं लिहून झालं की मग तिला उठून बसायला काय कारण उरेल, हा विचार त्याच्या मनात येऊन जायचा आणि तो कामाला लागायचा.

साखरेला एकोणतीस डिसेंबर उजाडला. हौसानं डब्यात हात घातले खरे, पण ओंजळ वर येईपर्यंत बोटांच्या फटींतून साखर गळून मांडीवरच्या गोधडीवर पडली. बोटं सुकून काटक्या झाली होती. जोडली तरी जुळत नव्हती. पारड्यात पडली तेवढी बुधाजीनं तोलली. पंच्याहत्तर. मग सत्तर. मग पुन्हा सत्तर. गोधडीवरची साखर त्यानं हलक्या हातानं झटकून डब्यात परत टाकली आणि कागदावर लिहिलं, पिठीसाखर दोनशेपंधरा.

त्याला शंका आली नाही असं नाही. मैद्याची ओंजळ एकशेवीस आणि साखरेची सत्तर? पण या बाबतीत त्याच्याएवढं जाणतं पनवेलात कोण होतं? एकाच पाटीत ओलं मीठ जड भरतं आणि वाळलेलं हलकं भरतं, हे तो नव्या हमालांना पाटी उचलायला लावून शिकवायचा. भांडं तेच असलं तरी मालागणिक वजन बदलतंच. पिठीसाखर मैद्यापेक्षा हलकी असेल, असं त्यानं स्वतःला समजावलं आणि पेन्सिल कानाला लावली. उभ्या जन्मात त्यानं कधी साखर तोलली नव्हती.

तुपाला सतरा जानेवारी. हौसाला आता बसवून पाठीशी उशा लावाव्या लागत. थंडीनं तूप घट्ट झालं होतं. तिनं डब्यात मूठ खुपसली, बाहेर काढली. मुठीत सुपारीपेक्षा थोडा मोठा गोळा.

"जरा नीट भर," बुधाजी बोलून गेला.

हौसानं त्याच्याकडे बघितलं. "भरलाय तेवराच हाय," ती म्हणाली. "लिवा."

तीन गोळे मिळून एकशेसत्तर. त्यानं लिहिलं.

"पुरा झाला?"

"झाला."

"वाचा बरा."

त्यानं अख्खा कागद वाचून दाखवला. तिला ग्रॅम काही कळत नव्हते, पण ती डोळे मिटून ऐकत होती. दुसऱ्यांदा वाचायला सांगितलं, मग तिसऱ्यांदा. "आता दमू माज्या हाताची करील," ती म्हणाली आणि किती दिवसांनी तिला शांत झोप लागली. त्यानंतर नवव्या दिवशी सकाळी ती गेली.

दमयंतीला उरणहून आणलं. सवाष्ण गेली म्हणून हिरवं लुगडं नेसवून, वर शाल पांघरून हौसाला अंगणात ठेवलं होतं. डॉक्टरांच्या सांगण्यावरून पोरीला जवळ जाऊ दिलं नाही. तिनं लांबून आईचा चेहरा तेवढा पाहिला, तोही कुंकवानं भरलेला. हात शालीखाली होते.

लग्न वर्षाच्या आत उरकावं, नाहीतर फार लांबेल, असं वडीलधाऱ्यांचं मत पडलं. वैशाखातली तारीख तशीच ठेवली. लग्नाला दहा दिवस असताना बुधाजीनं नवा मैदा, रवा, साखर आणि तूप घेतलं आणि तागडी, वजनं, तो कागद असं सगळं घेऊन तो शमसूभाईच्या भट्टीवर गेला. रुखवतासाठी घाणे करायचे तर आधी एक करून बघावा. दमयंती दिवसकार्य झाल्यावर पुन्हा मावशीकडे गेली होती. पोरगी आली की तिच्या हातात कागद ठेवायचा आणि म्हणायचं, हे घे, तुझ्या आईचा हात. गेले तीन महिने तो याच एका क्षणासाठी उठत होता आणि झोपत होता म्हणा ना.

शमसूभाई म्हणजे पनवेलचाच माणूस, वाडवडिलांपासून भट्टीवाला. दाढी पिठानं पांढरी की वयानं, हे त्याच्या बायकोलाही सांगता आलं नसतं. त्यानं बुधाजीला कोपऱ्यातला ओटा मोकळा करून दिला.

बुधाजीनं एकेक जिन्नस तोलून परातीत घातला. ग्रॅमभर इकडे नाही की तिकडे नाही. मळायला घेतलं तर पीठ गोळा होईना. मुठीत दाबलं की जमायचं, मूठ उघडली की भसकन सुटायचं. आपल्याला मळायची सवय नाही म्हणून असं होत असेल, असं समजून त्यानं दाबून दाबून गोळे वळले. पाव निघाले, आच उतरली, पत्रा आत गेला.

पत्रा बाहेर आला. पांढरे फटक गोळे, वर एक चीर नाही. शमसूभाईनं एक उचलून मोडला. तो अलगद सुटायच्या ऐवजी खडूसारखा तुटला. त्यानं तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चावला.

"बुधाजी, बुरा मत मान," तो म्हणाला. "ही हौसाभाबीची नाय."

"तिचीच हाय. तिच्या हातानं मापलंय सगला. मी तोललाय." बुधाजीचा आवाज चढला. "माज्या वजनात खोट काढतोस?"

"तुज्या वजनात खोट काढनारा मी कोन? कागद दाव."

शमसूभाईनं कागद लांब धरून वाचला. एकदा वाचला, मग बोटानं एकेक ओळ धरत पुन्हा वाचला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"मैदा ज्या बाईनं मापलाय, तिचा हात मोठा हाय," तो म्हणाला. "रवापन तिचाच. पन साखर मापली ती बाई येगली. आनि तूप ज्या बाईनं काढलाय, तिच्या हातात तर जानच नाय. एवऱ्या मैद्याला तूप याच्या दुप्पट पायजेल. किती बायांकरनं मापून घेतलास?"

"एकीकरनं."

"एका दिवसात?"

बुधाजीनं कागद परत हातात घेतला. कागदावर प्रत्येक ओळीपुढे तारीख होती, त्याच्याच अक्षरात, वजनाच्या वहीत लिहायची सवय म्हणून लिहिलेली. तीन डिसेंबर. आठ डिसेंबर. एकोणतीस डिसेंबर. सतरा जानेवारी. तो त्या तारखा वाचत गेला आणि त्याच्या डोळ्यांपुढे गोधडीवर सांडलेली साखर आली. ती साखर तिच्या ओंजळीतलीच होती. तिनं घाण्यात घातलेलीच होती. त्यानं ती झटकून डब्यात टाकली, कारण पारड्यात पडलं तेवढंच खरं.

तो ओट्यावर बसला. 

घाण्याचं वजन करतोय असं समजून तो दीड महिना आपल्या बायकोचं झिजणं तोलत होता. एकशेवीसवरून सत्तर, सत्तरवरून मुठीतला तो सुपारीएवढा गोळा. काटा त्याला दर वेळी सांगत होता की ही चालली, ही एवढीच उरली. चोवीस वर्षं काट्याची भाषा कळणाऱ्या माणसाला तेवढी एक गोष्ट कळली नाही. वर तिलाच म्हणाला, नीट भर. आणि ती काय म्हणाली होती? भरलाय तेवराच हाय. आपला हात सरत आलाय, हे तिला कळलं होतं. तिला सगळं कळलं होतं आणि तरी तिनं कागद तीनदा वाचून घेतला, सुखानं झोपली, आपला हात पोरीला पोचणार म्हणून.

पन्नाशीचा तो माणूस भट्टीपुढे तोंडावर दोन्ही हात घेऊन रडला. शमसूभाईनं पोऱ्यांना बाहेर पिटाळलं आणि दुकानाची फळी अर्धी लावून घेतली.

बऱ्याच वेळानं शमसूभाई म्हणाला, "वीस साल तिचे पत्रे मीच भाजलेत. साखर तीनशेतीस धर. तूप तेवराच. सोडा माज्या अंदाजानं घालतो."

"हा तिचा हात नाय. हा तुजा अंदाज."

"अंदाजच हाय. खरा ती जाने." शमसूभाईनं त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. "पन पोरीच्या लगनात काय ठेवनार? हे खरूसारके गोले?"

दुसरा घाणा शमसूभाईनं मळला. पत्रा बाहेर आला तेव्हा भट्टीभर तोच वास सुटला, वीस वर्षांचा. गोल, वर चिरा, फिकट बदामी. बुधाजीनं एक तोंडात ठेवली. विरघळली. गोड होती, चांगली होती. पण अगदी तिचीच होती का? तो आठवायला लागला. आठवू गेला तर तिच्या हातची चव जिभेवर येईना. तीन महिन्यांत ती चवही निघून गेली होती, आणि आता खरं काय ते सांगणारं या जगात कुणी उरलं नव्हतं. शमसूभाई विचारत होता, कशी झाली? बुधाजी म्हणाला, "बरोबर."

घरी येऊन त्यानं एक कोरा कागद घेतला. डोक्यावर लिहिलं, नानकटाई, एक घाणा, हौसाचा हात. मैदा चारशेपासष्ट. रवा एकशेतीस. पुढे पिठीसाखर, तीन ओंजळी लिहिलं आणि पेन्सिल थांबली. मचवेवाल्यांनी पूर्वी कधी मिठाईचा पुडा पुढे केला होता, कधी दम भरला होता, पण काट्यावर जे दिसलं नाही ते त्यानं कधी लिहिलं नव्हतं. आता दारात कुणी नव्हतं, कुणी काही मागत नव्हतं. त्यानं तीनशेतीस लिहिलं. तुपापुढेही तीनशेतीस लिहिलं. तारीख कुठेच घातली नाही.

दमयंती हळदीच्या आदल्या दिवशी आली. रुखवताच्या ताटातली एक नानकटाई तिनं तोंडात टाकली, आणि तिथेच मांडवात खाली बसून "आयची हाय, आयचीच हाय" म्हणत ढसाढसा रडली. बायकांनी तिला जवळ घेतलं. बुधाजी मांडवाच्या दोऱ्या तपासत राहिला.

लग्न झालं. पाठवणीच्या सकाळी त्यानं तिला आतल्या खोलीत बोलावून कागद दिला. ती चौथीपर्यंत शिकलेली. हिरव्या चुड्यातल्या हातानं ओळीखाली बोट धरून तिनं सगळं वाचलं.

"साखर तीन ओंजली, तीनशेतीस," ती म्हणाली. "म्हंजे एका ओंजलीत एकशेधा?" तिनं आपले दोन्ही हात जोडून बघितले. मेंदी लागलेले ते छोटे हात. "एवरी साखर? बाबा, आयचा हात केवरा व्हता!"

"मोठा व्हता," बुधाजी म्हणाला.

"ही साखर तिनं आजारपनात मापली?"

"हां."

"शेवटी शेवटी?"

"शेवटीच. जायच्या म्हयनाभर आगोदर."

दमयंतीनं त्या आकड्यावरून बोट फिरवलं. मग तिचा चेहरा सैल झाला, गेल्या कितीतरी महिन्यांत झाला नव्हता तसा.

"मना रोज वाटायचा, आय फार झिजली असंल," ती म्हणाली. "मावशीकरं रातचा झोप येत नसं. ती नुसती हाडं हाडं झाली असंल, तिचे हात कसे झाले असतील, हेच डोल्याम्होरं यायचं. तुमी सगली मना कायबी सांगत नव्हता. पन शेवटपरयंत एवरी ओंजल भरत व्हती म्हंजे... म्हंजे ती तशीच व्हती ना बाबा? हात तसेच व्हते ना?"

बाहेर उलव्याची मंडळी घाई करत होती. बुधाजीनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवला.

"तसेच व्हते," तो म्हणाला. "अगदी तसेच."

तिनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली, डोळे पुसले आणि खाली वाकून त्याच्या पायांना हात लावला. मग ती बाहेर गेली, आणि बुधाजी आत एकटाच भिंतीशी उभा राहिला, कारण असा रडवेला चेहरा घेऊन त्याला व्याह्यांसमोर जाता येणार नव्हतं.